थायलंडची गर्दीची बेटं: पाठीवर बॅग टाकून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दक्षिण थायलंडला पहिल्यांदा निघालेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: "जिथे अजून कुणी पोहोचलेलं नाही असं बेट सांगा." असं बेट उरलेलं नाही. २०१९ साली या देशात जवळपास चार कोटी परदेशी पर्यटक आले, आणि त्यातल्या फार मोठ्या हिश्शाला समुद्रच बघायचा होता. त्यामुळे शोध वेगळ्या गोष्टीचा घ्या. गर्दी बेटभर सारखी पसरलेली नसते. ती ठरावीक पुळणींवर, ठरावीक तासांत, बोटींच्या वेळेनुसार येते आणि बोटींच्याच वेळेनुसार जाते. ते वेळापत्रक वाचता आलं की फी फीसारख्या बदनाम बेटावरही निवांत सकाळ मिळते.

दुसरंही एक आधीच सांगून टाकतो. 'अस्पर्श' बेटावर जाण्यात काही पुण्य नाही. जिथे सांडपाण्याची सोय नाही, कचरा नेणारी बोट नाही आणि गोडं पाणी मोजकंच आहे, तिथे पन्नास पाहुणेही भारी पडतात. पहिल्या खेपेला सोयी असलेली मोठी बेटं घ्या, त्यांची शांत बाजू शोधा. लहान बेट एखादंच ठेवा आणि तिथे थोडं जास्त राहा.

पायरी १: आधी किनारा ठरवा, मग बेट

दक्षिण थायलंडला दोन समुद्र आहेत आणि दोघांचे पावसाळे वेगवेगळे. नवख्यांची सर्वात महागडी चूक इथेच होते.

पश्चिमेला अंदमान समुद्र: फुकेत, क्राबी, को फी फी, को लांता, को मुक, को लिपे. (थाई नावांतलं 'को' म्हणजे बेट.) इथे मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी पाऊस. समुद्र खवळलेला, लहान बेटांच्या फेऱ्या बंद किंवा कमी, लांता आणि लिपेवरची बरीच हॉटेलं कुलूपबंद. सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा या बाजूचा हंगाम.

पूर्वेला थायलंडचं आखात: को समुई, को फांगान, को ताओ. इथे सर्वात जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर वाईट. जानेवारी ते ऑगस्ट बहुतेक काळ बरा.

म्हणजे जून-जुलैत सुट्टी असेल तर आखात, डिसेंबरमध्ये असेल तर अंदमान. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही चालतात. सुरात थानी ते क्राबी हा रस्ता जेमतेम तीन तासांचा आहे, त्यामुळे हवामान फिरलं तर एका दिवसात किनारा बदलता येतो. थोडी वाट वाकडी करून खाओ सोकच्या जंगलात एक-दोन रात्री घालवल्या तर तो दिवस नुसता प्रवासात गेला असंही वाटत नाही.

नाताळ ते नववर्ष, चिनी नववर्ष आणि १३ ते १५ एप्रिलचा सोंग्क्रान (थाई नववर्ष), या तिन्ही काळांत भाडी चढतात आणि रेल्वेचे बर्थ आधीच संपतात. तारखा हातात असतील तर हे आठवडे टाळा. मेचा पहिला पंधरवडा आणि नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा अंदमान बाजूला गर्दी आणि भाडं दोन्ही उतरलेलं असतं. पावसाची थोडी जोखीम मात्र घ्यावी लागते.

पायरी २: बेटं कमी, रात्री जास्त

दोन आठवड्यांत सहा बेटं असा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक बदलीला अर्धा ते पाऊण दिवस जातो: खोली सोडा, गाडीने धक्क्यावर या, तासभर थांबा, बोट, पुन्हा गाडी, नवी खोली. त्यात दर बदलीला सातशे ते पंधराशे बाट (थाई चलन) सहज उडतात. दोन आठवड्यांना तीन बेटं पुरेत.

हिवाळ्यासाठी एक चालणारा मार्ग असा: क्राबी शहरात एक रात्र, जवळच्या रायलेच्या पुळणीवर दोन, फी फी दोन, लांता चार, मुक तीन, मग त्रांगला येऊन रात्रीच्या रेल्वेने बँकॉक. जून ते ऑगस्टसाठी: बँकॉकहून चुंफोन, को ताओ चार रात्री, फांगान चार, समुई दोन, आणि सुरात थानीहून रात्रीची रेल्वे.

पहिल्या दिवसापासून सगळ्या रात्रींचं बुकिंग करू नका. पहिल्या दोन-तीन रात्री आणि शेवटची एक, एवढं पक्कं ठेवा. मधलं मोकळं असेल तर समुद्र बिघडल्यावर बुडणारे पैसे वाचतात. पौर्णिमेच्या आसपासचं फांगान (तेव्हा तिथे मोठी पार्टी असते) आणि वर सांगितलेले सुट्ट्यांचे आठवडे याला अपवाद.

पायरी ३: कागद आणि पैसा

व्हिसाचे नियम या देशात वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाचं अधिकृत पान बघा, मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं पान दिसलं की ते बंद करा.

परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क कापतं. म्हणून थोडे थोडे काढण्याऐवजी एकदाच मोठी रक्कम काढा. यंत्र 'तुमच्या चलनात हिशेब करू का' असं विचारतं, तिथे नाही म्हणा आणि बाटमध्येच व्यवहार करा. हो म्हटलं की दर वाईट लागतो. मुक, जुम यांसारख्या छोट्या बेटांवर एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. तिथल्या सगळ्या दिवसांची रोख मुख्य भूमीवरूनच न्या.

खर्चाचा ढोबळ अंदाज: डॉर्ममधली खाट ३०० ते ६०० बाट, पंख्याची झोपडी ५०० ते १,०००, साध्या खानावळीतलं जेवण ६० ते १२०, स्कूटर दिवसाला २०० ते ३००. बोटी धरून दिवसाला १,५०० ते २,००० बाटमध्ये एका माणसाचं नीट भागतं. फी फी आणि लिपेवर थोडं जास्त धरा, कारण तिथे सगळं बोटीने येतं.

प्रवासविमा घेताना दोन ओळी शोधून वाचा: दुचाकी अपघात आणि डायव्हिंग. बऱ्याच स्वस्त पॉलिसीत दोन्ही वगळलेले असतात, आणि या बेटांवर लोक जखमी होतात ते बहुतांशी दुचाकीवरून पडूनच.

पायरी ४: बॅगेत काय

४० लिटरची बॅग, भरून आठ किलोच्या आत. यापेक्षा मोठी घेऊ नका. ती डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यातून चालावं लागणार आहे, एवढं लक्षात ठेवून भरा. कपड्यांचे चार जोड पुरतात, धुलाई किलोवर होते.

न विसरण्याच्या वस्तू: १५ ते २० लिटरची जलरोधक गुंडाळी पिशवी (पासपोर्ट, फोन, औषधं यात), डोक्याला बांधायची विजेरी, पातळ लुंगी किंवा पंचा, लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, पाण्याची बाटली, डासांचं मलम, ओआरएस, जखमेसाठी जंतुनाशक. प्रवाळाने झालेला ओरखडा दमट हवेत दोन दिवसांत चिघळतो. गोड्या पाण्याने लगेच धुऊन जंतुनाशक लावा.

सनस्क्रीनची बाटली उलटी करून घटक वाचा. ऑगस्ट २०२१ पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडिन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन असलेल्या क्रीमवर बंदी आहे. ही द्रव्यं प्रवाळाच्या अळ्यांना मारतात, त्याची वाढ खुंटवतात. दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो. झिंक ऑक्साइडचं क्रीम घ्या. त्याहून बरं म्हणजे शर्ट घालून पाण्यात उतरा. पाठ जळत नाही आणि समुद्रातही काही जात नाही.

ई-सिगारेट घरीच ठेवा. थायलंडमध्ये ती बेकायदेशीर आहे. ड्रोन नेणार असाल तर नोंदणी लागते, आणि उद्यानांत वेगळी परवानगी.

पायरी ५: मुख्य भूमीवरून बेटावर

बँकॉकहून दक्षिणेला जायला सर्वात शहाणपणाचा पर्याय रात्रीची शयनयान रेल्वे. जानेवारी २०२३ पासून दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप आफिवात या नव्या स्थानकातून सुटतात. जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन गाडी चुकवणारे अजूनही भेटतात. खालचा बर्थ रुंद असतो, थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या.

सुरात थानीचं रेल्वे स्थानक शहरात नसून दहा-बारा किलोमीटरवर फुनफिनला आहे, आणि समुईच्या गाडीवाहू बोटी ज्या डोनसाकहून सुटतात ते आणखी सत्तरएक किलोमीटर लांब. म्हणून रेल्वे, बस आणि बोट यांचं जोडतिकीट घेतलेलं परवडतं. जोडतिकिटाचा मोठा फायदा: गाडीला उशीर झाला तर पुढच्या बोटीत बसवणं ही तिकीट देणाऱ्यांची जबाबदारी होते. सुटी तिकिटं काढली असतील तर नुकसान तुमचं.

खूप स्वस्तातली पर्यटक-बस टाळा. रात्री सामानाच्या कप्प्यात ठेवलेल्या बॅगा उघडून हात मारण्याचे प्रकार या बसेसवर जुने आहेत. जावंच लागलं तर पैसे, पासपोर्ट, फोन, कॅमेरा यांतलं काहीही खाली ठेवू नका.

धक्क्यावर पोहोचल्यावर छातीवर एक गोल स्टिकर चिकटवतात. तो कोणत्या बेटाचा आहे ते बघा, कारण तुम्हाला कुठे उतरवायचं हे खलाशी तोंड बघून नाही, स्टिकर बघून ठरवतात. बॅगा ढिगात टाकल्या जातात. तुमची ढिगाच्या तळाशी जाणार असं धरून चाला आणि आतलं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. बहुतेक मार्गांवर शेवटची बोट दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला जाते. ती हुकली तर धक्क्यावरच्या गावात रात्र काढावी लागते, आणि अशा गावातली खोली स्वस्त असते, हा एवढाच दिलासा.

पायरी ६: होडीत बसणं

वेगवान बोटीत पुढची जागा मोकळी दिसते कारण माहीतगार मागे बसतात. लाटेवर बोटीचा पुढचा भाग उचलला जाऊन आपटतो, आणि तो आपट थेट मणक्यात जातो. पाठीचं दुखणं असेल, गरोदरपण असेल तर मोठी फेरीबोटच घ्या. उलटीची गोळी बसण्याआधी अर्धा तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते.

लाँगटेल म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेली लाकडी होडी, तिला ट्रकचं किंवा मोटारीचं इंजिन बसवलेलं असतं. मागे बसलात तर कान बधिर होतात, पुढे बसलात तर भिजता. मध्ये बसा. चढताना बाजूच्या शिडीने, एका हातात चपला. होडीच्या पुढच्या टोकावर रंगीत फिती आणि फुलांचे हार बांधलेले असतात, ते होडीची रक्षक देवता मे या नांग हिचे. फोटोसाठी तिथे पाय देऊन उभं राहणं किंवा तो भाग ओलांडून उडी मारणं हा नावाड्याला अपमान वाटतो. तो बहुधा काही बोलणार नाही, पण पुढचा सगळा वेळ तोंड वळवून बसेल.

क्राबीजवळच्या आओ नांगहून रायलेला रस्ताच नाही, मागे चुनखडीचे कडे आहेत, त्यामुळे याच होड्या. दिवसा माणशी साधारण १०० बाट आणि आठ माणसं जमल्यावर निघते. आठ व्हायला सकाळी दहा मिनिटं लागतात, दुपारी तीनला पाऊण तास.

भरती-ओहोटीचं कोष्टक फोनमध्ये ठेवा. अंदमान बाजूला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती आणि ओहोटीत अडीच-तीन मीटरचा फरक पडतो. ओहोटीला रायलेची पूर्व बाजू चिखल होते, फी फीवरची लोह डालम खाडी रिकामी पडते. को मुकची पाचूची गुहा म्हणजे सुमारे ऐंशी मीटरचा अंधारा पाण्याचा बोगदा. तिथे पाण्याची पातळी जुळली तरच आत जाता येतं, विजेरी आणि तरंगजाकीट दोन्ही हवीत. दुपारी बारा वाजता टूरच्या होड्या तिथे रांग लावतात. मुकवर मुक्काम केला असेल तर सकाळी लवकर होडी ठरवा.

हवामान खात्याचा इशारा असेल तर पैसे सोडून द्या आणि थांबा. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ वादळात एक पर्यटक बोट बुडून ४७ जण गेले. पावसाळ्यात 'आज समुद्र ठीक आहे' हे तिकीट विकणाऱ्याचं म्हणणं असतं, समुद्राचं नव्हे.

पायरी ७: माया बे, नीट बघायचं असेल तर

या सगळ्या विषयाचं सार एका जागी बघायचं असेल तर ती ही. फी फी ले या निर्जन बेटावरचा कड्यांनी वेढलेला छोटासा उपसागर. १९९९ मध्ये तिथे एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण झालं आणि पुढे दिवसाला पाच-सहा हजार माणसं त्या लहानशा वाळूवर उतरू लागली. नांगर टाकणाऱ्या होड्यांनी आणि पायांनी प्रवाळ मोडलं. जून २०१८ मध्ये सरकारने उपसागर बंद केला, तो थेट १ जानेवारी २०२२ ला उघडला. मधल्या काळात प्रवाळाचे तुकडे पुन्हा लावले गेले आणि काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क परत आले.

आताचे नियम: होडी उपसागरात येत नाही. ती मागच्या लोह समाह खाडीत तरंगत्या धक्क्याला लागते, तिथून लाकडी पायवाटेने पुळणीवर चालत यायचं. पोहायला बंदी; गुडघ्यापर्यंतच पाण्यात जाता येतं. परदेशी प्रौढाला उद्यानाचं शुल्क ४०० बाट, मुलांना २००. ते टूरच्या किमतीत धरलेलं आहे का, हे आधी विचारा; बहुधा नसतं. दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये उपसागर बंद ठेवतात. या महिन्यांत 'माया बे टूर' विकणारा तुम्हाला समुद्रातून लांबूनच दाखवणार आहे.

आता वेळेचं गणित. फुकेत आणि क्राबीच्या वेगवान बोटी सकाळी नऊनंतर पोहोचायला लागतात आणि दहा ते दोन गर्दी शिगेला असते. फी फी डॉनवर, म्हणजे शेजारच्या वस्तीच्या मोठ्या बेटावर, रात्री मुक्काम करून आदल्या संध्याकाळी लाँगटेलवाल्याशी बोला: पहाटे निघून उद्यान उघडताच पोहोचायचं. होडीचं भाडं माणशी नसतं, होडीचं असतं, म्हणून वसतिगृहातले तीन-चार जण जमवले की टूरपेक्षा महाग पडत नाही. पाण्याच्या कडेला हालचाल न करता थांबलात तर साधारण हातभर लांबीची शार्कची पिल्लं पायाजवळून जाताना दिसतात. त्यांच्यामागे पळू नका. एकाने पळापळ केली की सगळ्यांचा देखावा संपतो.

फी फी डॉनवर मोटारी नाहीत, सामान हातगाडीवर. धक्क्यावर स्वच्छतेचे २० बाट घेतात, कुरकुर न करता द्या; एवढ्याशा बेटावरचा कचरा बोटीने मुख्य भूमीवर न्यावा लागतो. तोनसाई आणि लोह डालम यांच्या मधला चिंचोळा पट्टा २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत जवळजवळ धुऊन गेला होता, तो आज पुन्हा खच्चून भरलाय आणि तिथे रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं. झोप हवी असेल तर हाट याओच्या बाजूला राहा: लाँगटेलने दहा मिनिटं, पायी पाऊण तास. बेटावर त्सुनामीत सुटकेच्या वाटा दाखवणाऱ्या निळ्या पाट्या आहेत, पहिल्याच दिवशी एकदा त्या वाटेने चढून या. वर देखावाही आहे.

पायरी ८: खोली बघताना

झोपडी ऑनलाइन ठरवण्यापेक्षा जाऊन बघितलेली बरी. गर्दीचे आठवडे सोडले तर चालतं. खोलीत शिरल्यावर या गोष्टी तपासा: मच्छरदाणी किंवा जाळीला भोकं, पंखा सुरू होतो का, नळाचं पाणी खारं लागतं का, वीज चोवीस तास आहे की जनित्र संध्याकाळीच चालतं. मग बाहेर येऊन आवाज ऐका. पुळणीवरचा बार दुपारी चारला निपचित असतो आणि रात्री अकराला तुमच्या उशाशी.

बेटावर गोड्या पाण्याची ओढ असते, त्यामुळे अंघोळ आटोपशीर. नळाचं पाणी पिऊ नका. रस्त्याकडेला पाणी भरून देणारी यंत्रं असतात, साधारण एका बाटला एक लिटर. ती कुठे आहेत हे पहिल्या संध्याकाळी शोधलंत की आठवड्याला वीस प्लॅस्टिकच्या बाटल्या वाचतात. शौचालयातल्या टोपलीत कागद टाकायचा, भांड्यात नाही. तुंबलेली टाकी शेवटी समुद्रातच रिकामी होते.

पायरी ९: स्कूटर, आणि ती कधी घेऊ नये

दुचाकी पहिल्यांदाच चालवायला शिकणार असाल तर बेट ही त्याची जागा नव्हे. फांगानवर थोंग सालाहून हाड रिनकडे जाणारे चढ-उतार इतके तीव्र आहेत की वाळू सांडलेल्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी खाली जाते. उजव्या पायावर सायलेन्सरचा भाजलेला गोल डाग घेऊन फिरणारे पर्यटक तिथे पावलोपावली दिसतात.

चालवता येत असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना हवा आणि त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. नुसत्या मोटारीच्या परवान्यावर पोलीस दंड करतील, पण खरा फटका विम्याचा: दावा नाकारला जातो.

भाड्याने घेताना पासपोर्ट तारण ठेवू नका. त्याची प्रत आणि काही हजार बाट अनामत यावर तयार होणारा दुकानदार शोधा, सापडतो. गाडी घेण्याआधी दुकानदाराच्या समोर चारही बाजूंनी, खालून, आरशांपर्यंत व्हिडिओ काढा. जुन्या ओरखड्याचे पैसे मागायचा धंदा इथे मुरलेला आहे, आणि समोर काढलेला व्हिडिओ हा त्यावरचा पुरता इलाज. हेच जेट-स्कीला लागू, फक्त तिथे रकमा मोठ्या. आमचं मत: जेट-स्की घेऊच नका.

स्कूटर नको असेल तर सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेली उघडी गाडी. बसण्याआधी भाडं माणशी की गाडीचं, हे ठरवा.

पायरी १०: पाण्यात

लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, गुडघ्यापर्यंतही नाही. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर, कारोन-काताकडे, पावसाळ्यात दरवर्षी माणसं बुडतात. ती पोहता येत नव्हतं म्हणून नव्हे, तर समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहाशी झुंजून दमतात म्हणून. ओढ लागली तर किनाऱ्याकडे थेट हात मारू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, तो पट्टा अरुंद असतो. बाहेर पडलात की लाटांबरोबर तिरके या. दमलात तर उताणे तरंगा, हात हलवा.

आखाताच्या बाजूला, समुई-फांगानकडे, बॉक्स जेलीफिश आढळते आणि तिच्या दंशाने मृत्यू झालेले आहेत. कित्येक पुळणींवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. दंश झाला तर भरपूर व्हिनेगर, निदान अर्धा मिनिट, सतत ओता. चोळू नका, वाळू लावू नका, गोडं पाणी टाकू नका. त्याने न फुटलेल्या विषाच्या पेशीही फुटतात. श्वास थांबला तर छातीदाब सुरू करा आणि १६६९ ला फोन. पर्यटक पोलीस ११५५.

स्नॉर्केल करताना (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगताना) मुखवट्यात पाणी गेलं की नवखा माणूस प्रतिक्षिप्त क्रियेने उभा राहतो, आणि पायाखाली प्रवाळ असतं. म्हणून पहिले पंधरा मिनिटं वाळूवर, कंबरभर पाण्यात मुखवटा रिकामा करायचा सराव करा. पोहण्याबद्दल खात्री नसेल तर तरंगजाकीट घाला, लाज कसली. माशांना पाव टाकणं उद्यानांत गुन्हा आहे. पाव खाऊ लागलेले मासे प्रवाळावरचं शेवाळ खायचं सोडतात. आधीच २०१० आणि २०२४ मध्ये पाणी तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं.

को ताओवर डायव्हिंग शिकायचं असेल तर पहिल्या पातळीच्या अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस आणि साधारण दहा ते अकरा हजार बाट लागतात. खोली १८ मीटरपर्यंत. शाळा निवडताना किमतीपेक्षा एक प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती विद्यार्थी? चारच्या वर आकडा गेला तर दुसरीकडे जा. सर्दी असेल तर पुढे ढकला, कान मोकळे होत नाहीत आणि पडदा फाटतो.

पौर्णिमेची रात्र

फांगानच्या हाड रिन पुळणीवर पौर्णिमेला होणारी पार्टी बघायची तर खोली आठवडे आधी ठरवावी लागते आणि बरेच जण तीन ते पाच रात्रींचं किमान बुकिंग मागतात. बौद्ध सणाच्या दिवशी पौर्णिमा आली तर पार्टी एक दिवस सरकते, तारीख खात्री करून घ्या. बंद बूट घाला, वाळूत काचा असतात. पेटत्या दोरीवरून उड्या मारू नका. बादलीतली दारू समोर ओतलेली नसेल तर नको. गांजाचे नियम जून २०२५ पासून पुन्हा कडक झाले आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येत नाही. पार्टी नको असेल तर त्या चार दिवसांत फांगानचं उत्तर टोक किंवा सरळ ताओ. पौर्णिमेनंतर दोन दिवस ताओची बोट गच्च भरते, तेव्हा त्याच्या आधीच पोहोचा.

पायरी ११: गावात

लांता, मुक, याओ नोई इथली वस्ती मुख्यतः मुसलमान आहे. लिपे आणि लांताच्या दक्षिण टोकाला उराक लावोय हे समुद्रावर जगणारे लोक पर्यटनाच्या फार आधीपासून राहतात. पुळणीवरचे पोहण्याचे कपडे पुळणीवरच. दुकानात, धक्क्यावर, सोंगथावमध्ये शर्ट आणि लुंगी. रमझानमध्ये दिवसा काही खानावळी बंद असतात, तेव्हा दुपारच्या जेवणाची सोय आधी करा. लिपेवर उराक लावोय कुटुंबांचे जमिनीचे तंटे चालू आहेत. वाट अडवलेली दिसली तर कुंपण ओलांडून फोटो काढायला जाऊ नका.

खर्च कुठे करता यानेही फरक पडतो. होडी धक्क्यावरच्या एजंटाऐवजी थेट नावाड्याकडून घ्या, जेवण आतल्या गल्लीतल्या खानावळीत. साखळदंडातली माकडं, मोठ्या डोळ्यांचा मंदगती लोरिस हातात देऊन फोटो काढू देणारे, हत्तीवर बसवणारे, यांना पैसे देऊ नका. लोरिस संरक्षित प्राणी आहे आणि चावू नये म्हणून बहुधा त्याचे दात काढलेले असतात.

पायरी १२: परतताना

शेवटची रात्र बेटावर काढू नका, मुख्य भूमीवर काढा. वाऱ्याने एक बोट रद्द झाली की विमान गेलं. डायव्हिंग केलं असेल तर शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणजे तो दिवस तसाही मोकळा ठेवावाच लागतो. बॅग भरताना बुटांतली आणि खिशांतली वाळू झटका, शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे तिथेच ठेवा. उद्यानातून ते नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत सापडतात. रिकामी झालेली सनस्क्रीनची बाटली, बॅटऱ्या, तुटलेला मुखवटा बेटावरच्या टोपलीत टाकू नका. बँकॉकपर्यंत बॅगेत घेऊन या आणि तिथे टाका.